आईची खालची दाढ काढलीय, ब्रिज करू का इम्प्लांट? शेजारचा चांगला दात कोरायला मन होईना

मंगळवारपेठकर

राम राम मंडळी. प्रश्न आईचा आहे, वय ६१. खालची उजवीकडची मोठी दाढ, डॉक्टरांच्या कागदावर ४६ नंबर लिहिलाय, ती ऑगस्टमध्ये काढली. पार किडून वरचा भाग तुटून गेलेला, नुसती मुळं राहिलेली. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते जखम भरली की दोन-तीन महिन्यांनी या, जागा रिकामी ठेवू नका. आम्ही काय गेलो नाही. आधी गणपती, मग दिवाळी, मग बहिणीचं बाळंतपण, आणि आई म्हणायची डावीकडनं चावतो की मी, काय अडलंय. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडं कोल्हापुरात बायका पण जातो-येतोच म्हणतात, टायपिंगची चूक नाही.)

आता डावी बाजू पण ठणकायला लागली तेव्हा आठ महिन्यांनी परत गेलो. डावीकडं साधी कीड होती, भरून झाली. उजवीकडचं मात्र डॉक्टर म्हणाले तीन दातांचा ब्रिज करू, म्हणजे रिकाम्या जागेच्या मागची दाढ आणि पुढचा दात दोन्ही चारी बाजूंनी कोरून बारीक करायचे, त्यावर कॅप, मधे खोटी दाढ, तिन्ही एकसंध. डॉक्टर सहज बोलून गेले "दोन दात घासावे लागतील" तर आई म्हणते कशी, "मी रोजच घासतो की". डॉक्टर हसले. पण येताना रिक्षात तिला खरा अर्थ सांगितला तर मिरजकर तिकटी येईपर्यंत गप्प.

मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात पुढचा दात धडधाकट आहे त्याला हात कशाला लावता, इम्प्लांट करा, हाडात स्क्रू, तीन-चार महिने थांबायचं, मग वर कॅप. पण आईला शुगर, मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८.४ आलंय, त्यामुळं आधी ते खाली आणा म्हणाले.

मागच्या दाढेचं चार वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालंय, कॅप बसवली नाही, तेव्हा पैशाची ओढाताण होती आणि नंतर कंटाळा. खर्च आम्हाला सांगितला तो असा, धातूवर पोर्सेलिनचा ब्रिज १५ हजार, झिर्कोनियाचा (म्हणजे कडक सिरॅमिकचा) २७, इम्प्लांट कॅपसकट ३८.

माझं मन खातंय ते एवढंच की देवानं दिलेला चांगला दात आपल्या हातानं कोरायचा. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. मे महिन्यात भाच्याचं जावळ आहे आणि आईचं एकच म्हणणं, त्या मटणाला मला दोन्हीकडनं चावता आलं पायजे.

रंकाळ्यावरची

माझं सांगते, घाबरवायला नाही पण कळायला पाहिजे म्हणून. २०१२ ला मी ब्रिज केला, वरच्या बाजूला, तीन दातांचाच. नऊ वर्षं एकदम मस्त, विसरूनच गेले होते की खोटा दात आहे. मग २०२१ मध्ये तोंडाला वास यायला लागला, कितीही ब्रश केला तरी, नवऱ्याला विचारायची वास येतोय का तर तो बिचारा नाही नाही म्हणायचा. दुखत काहीच नव्हतं, कारण त्या दाताचं रूट कॅनाल आधीच झालेलं, नसच नाही तर दुखणार काय. शेवटी ब्रिज काढला तर आतला मागचा दात काळा आणि चिखलासारखा मऊ. झालं असं होतं की मागच्या कॅपचं सिमेंट कधीतरी धुवून गेलेलं पण पुढची कॅप घट्ट, त्यामुळं ब्रिज हललाच नाही, आणि आत वर्षभर तरी अन्न कुजत बसलेलं. एकटी कॅप असती तर निघून हातात आली असती, लगेच कळलं असतं. ब्रिजची हीच गोम आहे.

ज्यांनी बसवला त्यांनी खालनं कसं साफ करायचं ते एका शब्दानं सांगितलं नव्हतं. नाव घेत नाही, आता ते प्रॅक्टिस पण करत नाहीत. तो दात गेला, आता चार दातांचा ब्रिज आहे, म्हणजे एक गेलेला भरायला दोन कोरले, त्यातला एक गेला म्हणून अजून एक कोरला. हिशोब तुम्हीच करा. मी आज असते तर इम्प्लांट केलं असतं, पण माझी शुगर नॉर्मल आहे, काकूंचं वेगळं.

उद्यमनगर पॅटर्नवाला

ह्या विषयावर मला बोलू द्या जरा, कारण माझ्या तोंडात एक ब्रिज हाय आणि पोटापाण्याला कास्टिंग, म्हंजे धातू ओतायचं काम हाय.

डॉक्टरांनी माझं माप घेतलं तवा मी इच्यारलं की हे पुढं करता कसं, तर म्हणाले लॅबमधे मेणाचा पॅटर्न करत्यात, त्याच्याभवती इन्व्हेस्टमेंट, म्हंजे भट्टीत टिकणारा साचा ओतायचा, भट्टीत मेण जाळून काढायचं आणि त्या पोकळीत निकेल क्रोम नायतर कोबाल्ट क्रोम ओतायचं. म्हटलं अहो डॉक्टर हे तर आमचंच काम, आमच्यात पण ह्याला इन्व्हेस्टमेंट कास्टिंगच म्हणत्यात! फरक एवढाच की आमचा व्हॉल्व्ह दोन किलोचा आणि ह्यांचा दात दोन ग्रॅमचा.

आता मुद्द्याचं. भावा, ब्रिज म्हणजे पूलच. नदीत काय चाललंय ते बघू नगंस, खांब बघ. तू रिकामी जागा आणि चांगला दात ह्यातच अडकलायस, पण तुझ्या पुलाचा मागचा खांब चार वर्षं बिनकॅपचा उघड्यावर हाय, त्याचं काय? पुढचा खांब चांगला हाय म्हणून रडतोयस, मला मागच्याची काळजी वाटायली.

आणि डॉक्टर लोक कोण असतील तर एक शंका. एकाच खांबावर लटकवून चालत नाही का, घराच्या गॅलरीसारखं? म्हणजे मागच्या दाढेला कॅप, तिलाच चिकटून पुढं खोटी दाढ. चांगला दात पण वाचला.

दाताचा डॉक्टर (खराखुरा)

मी कोल्हापुरातच प्रॅक्टिस करतो. तोंड न बघता निकाल देणार नाही, पण काही गोष्टी इथं सांगता येतात.

पॅटर्नवाले म्हणतात ते बरोबर, मागच्या दाढेपासून सुरू करा. रूट कॅनाल केलेली दाढ ठिसूळ असते, तिला कॅप हवीच होती, ब्रिज करा न करा. म्हणजे ब्रिज केला तर "दोन चांगले दात कोरले" असं होत नाही, नव्यानं कोरला जाणारा एकच, पुढचा ४५. दोन्ही शेजारी अगदी कोरे असते तर मी पण इम्प्लांटकडेच झुकलो असतो. पण आधी ४७ मध्ये, म्हणजे त्या मागच्या दाढेत, खरा दात किती शिल्लक आहे ते बघायला लागेल. नुसतं सिमेंटच उरलं असेल आणि भोवती दाताची भिंत नसेल तर त्यावर कॅपचाच भरवसा नाही, मग पूल तर लांबच. रूट कॅनाल खाली नीट बंद आहे का, मुळाच्या टोकाला काळा डाग आहे का, हाड किती आहे, हे सगळं एक्स-रेवर बघून घ्या.

पुढचा ४५ हा छोटा दात, साधारण एकच मूळ. आमच्याकडं जुना नियम आहे की खांब दातांच्या मुळांचा हाडातला पृष्ठभाग मिळून गेलेल्या दाताच्या मुळांइतका तरी पाहिजे. ४५ आणि ४७ मिळून ४६ चा भार बहुतेक वेळा पेलतात, हिरड्या चांगल्या असतील तर. हाड उतरलं असेल तर हा हिशोब फसतो.

गॅलरीची आयडिया वाईट नाही, त्याला कँटिलिव्हर म्हणतात, पण ती पुढच्या बारक्या दातांसाठी, जिथं चावण्याचा जोर कमी असतो. दाढेच्या जागी लटकवलं की प्रत्येक घासाला मागची दाढ पुढं ओढली जाणार. मटणाची नळी फोडायची आहे ना काकूंना? मग नको.

आठ महिने गेले त्याचा पण परिणाम होतो. जागा रिकामी राहिली की मागची दाढ त्या जागेत कलते आणि वरची समोरची दाढ आधार नसल्यानं खाली उतरते. ब्रिज बसताना दोन्ही खांब एकमेकांना समांतर असावे लागतात, नाहीतर तिन्ही दातांचं एकसंध काम त्यावर सरळ उतरणारच नाही, आणि दाढ कलली असेल तर समांतर करायला जास्त कोरावं लागतं. म्हणून आता अजून एक दिवाळी थांबू नका.

कोरणं म्हणजे किती? चारी बाजूंनी साधारण एक ते दीड मिलिमीटर, वरनं दीड-दोन. जिवंत दात असेल तर भूल देऊन करतो. नंतर काही दिवस गार-गरम लागतं. काही दातांची नस पुढं कधीतरी बिघडते आणि रूट कॅनाल करावं लागतं, हे आधी सांगितलेलं बरं. आणि कोरलेलं इनॅमल परत येत नाही, तुमचं मन खातंय ते उगाच नाही.

शुगर असली म्हणून इम्प्लांट होतच नाही असं नाही, पण ८.४ वर मी पण थांबा म्हटलं असतं. इम्प्लांटच्या टायटॅनियम स्क्रूला हाड धरायला काही महिने लागतात, आणि शुगर जास्त असली की जखम भरायला उशीर आणि इन्फेक्शनची भीती.

एक विचारायचं राहिलं. काकू तंबाखू, मिश्री?

मंगळवारपेठकर

डॉक्टरसाहेब तुम्ही बरोबर नस पकडली. लिहिलं नव्हतं, कारण दोन्ही डॉक्टरांना आईनं "नाही" सांगितलंय आणि मी शेजारी बसून गप्प राहिलो. मिश्री आहे. सकाळी एकदा आणि दुपारी भांडी झाल्यावर एकदा, गेली चाळीस वर्षं. डब्बी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असते, घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही.

दाताचा डॉक्टर (खराखुरा)

मग हे आधी डॉक्टरांना सांगा, लाजू नका, मंगळवार पेठेत तुम्ही पहिले नाही. मिश्रीनं हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि ब्रिजची कॅप जिथं संपते तिथंच कीड लागते. इम्प्लांटला तर तंबाखू अजूनच वाईट. आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का ते पण त्याच खेपेत बघून घ्या, हे दातापेक्षा महत्त्वाचं आहे.

लॅबवाला

डेंटल लॅबमधे १४ वर्षं काम करतोय म्हणून मटेरियलवर बोलतो. २७ हजाराचा झिर्कोनिया बघून डोळे फिरवून घेऊ नका. खालची मागची दाढ आहे, हसताना दिसत पण नाही. धातूवर पोर्सेलिन नीट केलं तर तिथं चांगलं चालतं, फक्त कधीतरी पोर्सेलिनचा टवका उडतो, आणि काही वर्षांनी हिरडीजवळ काळपट रेघ दिसते ती धातूची. झिर्कोनिया अख्खा एकाच मटेरियलचा असला तर टवका उडायची भीती कमी, रेघ नाही. पण काम कच्चं असलं तर झिर्कोनिया पण कच्चाच. माप नीट आलेलं नसलं आणि कॅपची कड दाताच्या कडेला बसली नाही तर वर सोनं लावलं तरी फायदा नाही. आमच्याकडं अशी मापं येतात की कड कुठाय तेच कळत नाही, फोन केला तर "तू कर रे ॲडजस्ट". कसलं ॲडजस्ट, तोंड त्या पेशंटचं आहे.

रंगाचं सांगतो, रंग दात कोरायच्या आधी जुळवून घ्यायला सांगा. तोंड तासभर उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसतात आणि मग ब्रिज उजळ येतो. मिश्रीवाल्यांना आधी दात साफ करून घ्या, नाहीतर डागाचा रंग मॅच होईल. हसू नका, झालंय असं.

पॅटर्नवाल्या दादांसाठी खास: झिर्कोनिया ओतत नाहीत. ठोकळ्यातनं मशीननं कोरून काढतात, आणि मुद्दाम मोठा कोरतात, कारण नंतर भट्टीत साधारण १५०० डिग्रीला तो साधारण २० टक्के आकसतो.

उद्यमनगर पॅटर्नवाला

२० टक्के!! आम्ही कास्ट आयर्नला एक टक्का श्रिंकेज धरतो आणि तेवढ्यात पण पार्टी माल परत पाठवती. आणि तुमचं ते आकसून परत दातावर फिट बसतंय? नाद खुळा. कवा बघायला येऊ सांगा, येताना मिसळ आणतो.

पुण्यातला कोल्हापुरी

कुणी सुट्या कवळीचं बोललंच नाही. सगळ्यात स्वस्त, दात कोरायला नको, ऑपरेशन नको. वाईट दिसली तर काढून ठेवा.

रंकाळ्यावरची

दादा माझ्या सासूबाईंनी केली होती, दोन दाढांची. लग्नात जेवताना टोचायला लागली म्हणून काढून कागदी रुमालात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवली, वाढप्यानं पत्रावळीबरोबर उचलली. चार पुरुष माणसं मंडपामागं खरकटं उपसत होती, फोटोत पण आलंय ते.

दाताचा डॉक्टर (खराखुरा)

एकाच दाढेची सुटी कवळी मी शक्यतो देत नाही. एवढीशी वस्तू, झोपेत किंवा जेवताना गिळली जाऊ शकते. तीन-चार दात गेलेले असतील, शेजारचे खांब धड नसतील, तर सुटी कवळी चांगला पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पैशाची अडचण असेल तर नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे, वाठारवरनं आत. कॉलेजमधे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी येतो, खेपा मात्र जास्त होतात, सकाळी डबा घेऊन जायची तयारी ठेवा.

शाहूपुरीची कन्या

ब्रिज करणार असाल तर एक अनुभव. २०१९ च्या पुरात माझा कच्चा (तात्पुरता) ब्रिज निघाला, पक्का अजून लॅबमधे. आमच्या गल्लीत पाणी, दवाखाना बंद. भावानं फेविक्विक काढलं होतं चिकटवायला, नशीब मी फोनवर डॉक्टरांना विचारलं, जवळजवळ ओरडलेच ते. म्हणाले डबीत ठेवा, मऊ खा, त्या बाजूनं चावू नका, पाणी ओसरलं की या. आठ दिवस वरण-भातावर काढले, कोरलेल्या दाताला वारं लागलं तरी डोळ्यात पाणी. पण जास्त दिवस तसं राहिलं तर दात सरकतात आणि पक्का ब्रिज बसत नाही म्हणे, माझा थोडा घासून बसवावा लागला. त्यामुळं तारखा लागोपाठच्या घ्या, मधे यात्रा-लग्न ठेवू नका.

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण मधे बरंच झालं.

परत पहिल्या डॉक्टरांकडं गेलो आणि मिश्रीचं मीच सांगितलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाचवीत असताना बघायची तसं. डॉक्टरांनी सगळं तोंड तपासलं, गालाच्या आत चट्टा वगैरे काही नाही, देवाची कृपा. दात साफ केले. एक्स-रेत मागच्या दाढेचं रूट कॅनाल नीट आहे, दाताची भिंत तीन बाजूंनी चांगली, थोडी पुढं कललीय पण चालेल. पुढच्या दाताचं हाड पण बरं आहे.

मग मी परत तेच, की डॉक्टर तो पुढचा दात चांगला आहे, शुगर खाली येईपर्यंत थांबून इम्प्लांटचं बघूया का. तर आईच मधे म्हणाली, "मी ६१ चा झालो, तो दात जपून कुणाच्या नावावर करू?" विषय संपला. धातू-पोर्सेलिनचा ब्रिज ठरला, रंग कोरायच्या आधी बघितला, लॅबवाले दादा तुमचं ऐकलं. कोरायला पाऊण तास लागला, ती खुर्चीत डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती, तोंड उघडं असल्यामुळं नुसतंच आ-आ ऐकू येत होतं.

खालनं साफ करायचं डॉक्टरांनी दाखवलं. ब्रिज एकसंध असतो म्हणून वरनं दोरा जात नाही, तो बाजूनं ओवून खोट्या दाढेच्या खालनं काढायचा, एका टोकाला कडक असलेला फ्लॉस येतो त्यासाठी. मला आरशात बघून तीनदा जमलं नाही. आईनं पहिल्या फटक्यात ओवला, म्हणाली वाकळा शिवल्यात आयुष्यभर, हे काय मोठंसं. पुढं-मागं ओढून बाहेर काढला आणि डॉक्टरांनाच दाखवला, असाच ना? रंकाळ्यावरच्या ताई, दर सहा महिन्यांनी दाखवायचं पण पक्कं केलंय, तुमचा किस्सा डॉक्टरांना सांगितला तर म्हणाले अगदी असंच होतं, आम्ही ब्रिज दाबून कडेनं बुडबुडे येतात का बघतो.

मिश्रीची डब्बी देव्हाऱ्याखालनं गेलीय. कुठं गेलीय ते मी विचारलेलं नाही.

सध्या कच्चा ब्रिज आहे, त्याच्या सिमेंटला लवंगेचा वास येतो, आई म्हणते विडा खाल्ल्यागत वाटतंय. पक्का पुढच्या गुरुवारी, जावळ त्यानंतर नऊ दिवसांनी. तोवर उजवीकडनं कडक काही खायचं नाही असं दोनदा बजावलंय. काल रात्री पाणी प्यायला उठलो तर अंधारात स्वयंपाकघरातनं कुडुम कुडुम आवाज. लाईट लावली तर आई, हातात खाऱ्या शेंगदाण्याची पुडी. मी काही बोलायच्या आत म्हणाली,

"डावीकडनं चावतोय."